घरचा आवाज : घरगुती ध्वनिमुद्रणाचा मागोवा

शब्द कागदावर उतरविता येतो, रूप चित्रात बांधून ठेवता येते. आवाज मात्र हजारो वर्षे माणसाला कोठेच ठेवता आला नाही. तो उमटला की विरला. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जेवढे गेले तेवढेच उरले. ध्वनिमुद्रणाचा शोध लागून आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. या काळाचा इतिहास सामान्यतः मोठ्या कंपन्या, नामांकित कलावंत आणि खपलेल्या तबकड्या यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच्या शेजारून आणखी एक प्रवाह वाहत आलेला आहे. तो म्हणजे घरात, आप्तेष्ट व मित्रमंडळी यांच्या संगतीत केलेल्या ध्वनिमुद्रणाचा. त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाचे लोखंडी कपाट आवरताना कॅसेटींनी भरलेली दोन खोकी हाती लागली. काहींवर तारीख होती, काहींवर नुसते ‘गणपती’ किंवा ‘कोजागरी’ एवढेच लिहिलेले होते, तर कित्येक कोऱ्याच होत्या. म्हणजे त्यांच्यावर काही लिहिलेले नव्हते. आत काय आहे हे कोणासच सांगता येईना. ती खोकी पाहिल्यापासून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात होते.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. घरगुती ध्वनिमुद्रण हे अलीकडचे खूळ नव्हे; ते ध्वनिमुद्रणाच्या जन्माइतकेच जुने आहे. थॉमस एडिसन याने १८७७ साली कथिलाच्या वर्खावर आवाज उमटविला. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या. या फोनोग्राफचे वैशिष्ट्य असे की, जे यंत्र आवाज ऐकवी तेच आवाज टिपूनही घेई. मुलाला कर्ण्यासमोर उभे करावे, त्याच्याकडून गाणे म्हणवून घ्यावे आणि लगेच त्यालाच ते ऐकवावे, हे पाश्चात्त्य देशांतील सुखवस्तू घरांत त्या काळीही शक्य होते. १८८७ साली एमिल बर्लिनर याने ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि चित्र पालटले. सपाट तबकडीच्या प्रती ठशावरून हजारोंनी काढता येत. परंतु घरातला ग्रामोफोन केवळ ऐकवी, टिपीत नसे. व्यापाराच्या दृष्टीने तबकडीच सोयीची ठरली. १९२९ साली खुद्द एडिसनच्या कंपनीनेही नळकांड्यांचे उत्पादन थांबविले. घर हे गाण्याचे गिऱ्हाईक झाले. काय टिपायचे आणि काय सोडायचे हे ठरविण्याचा अधिकार कारखान्याकडे गेला.

आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा पाया याच तबकडीने घातला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि नोव्हेंबर महिन्यात हॉटेलातील खोल्यांतच यंत्र मांडून त्यांनी गौहरजान यांचे गाणे घेतले. म्हणजे पुढे एवढ्या विस्तारलेल्या या व्यवसायाचा श्रीगणेशा एका राहत्या जागेतच झाला. परंतु तबकडीची मर्यादा कडक होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या रागाची नुसती आलापी अर्धा-पाऊण तास चालावी तो राग तेवढ्या अवधीत बसवावयाचा! त्या पिढीतील कलावंतांनी हे आव्हानही पेलले आणि तीन मिनिटांत रागाचे सार ओतून दाखविले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत.

पण जे या चौकटीत आले नाहीत त्यांचे काय झाले? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. महाराष्ट्रातील गायकीवर या दोघांचा केवढा ठसा आहे हे सांगावयास नको. तथापि त्यांचे गाणे ऐकवील अशी एकही तबकडी रसिकांच्या हाती आलेली नाही. शिष्यांच्या गळ्यातून आणि जाणत्यांच्या आठवणींतून जे कळते तेच. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, त्याही मोजक्याच. त्यांतील एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठविण्यात आली. सूर्यमालेपलीकडे निघालेला तो स्वरही साडेतीन मिनिटांचाच आहे. रात्र रात्र रंगलेल्या बैठकी तबकडीत मावणाऱ्या नव्हत्या.

या बंधनातून सुटका केली ती चुंबकीय फितीने. फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन संशोधकाने १९२८ साली कागदी फितीवर लोहकणांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांसमोर आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने अशी दोन यंत्रे मायदेशी नेली. गायक-नट बिंग क्रॉस्बी याने या कामी पैसा घातला आणि १९४८ साली अँपेक्स कंपनीचा टेपरेकॉर्डर बाजारात आला. यंत्र होते रेडिओ केंद्रांसाठी. परंतु पुढच्याच वर्षी ते एका घरात शिरले आणि आमच्या विषयाला खरे वळण लागले.

ते घर लेस पॉल या गिटारवादकाचे. हॉलिवुडमधील घराच्या गॅरेजात त्याने आपला स्टुडिओ थाटला होता. टेप येण्यापूर्वी तो तबकड्यांवरच एका वादनावर दुसरे वादन चढवीत असे. १९४९ साली क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचे यंत्र भेट दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस गायिका मेरी फोर्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. पॉलने यंत्राला एक जादा हेड बसवून घेतले. आधी टिपलेले गाणे ऐकत ऐकत मेरीने दुसरा सूर लावावा आणि जुना व नवा असे दोन्ही सूर एकत्र होऊन फितीवर उतरावेत, अशी ही योजना होती. यात एक धोका होता. नवा थर चढताना आधीचा पुसला जाई. दहाव्या थराला हात चुकला की पहिल्यापासून आरंभ! तरीही न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या राहत्या घरी या दांपत्याने अशाच रीतीने केलेले ‘हाउ हाय द मून’ हे गीत १९५१ साली अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. एका स्त्रीचा गळा तिच्याच साथीला उभा राहून वृंद झाला होता. पुढे १९५७ साली अँपेक्सने पॉलसाठी आठ स्वतंत्र पट्ट्यांचे यंत्र बनविले. प्रत्येक सूर आपापल्या पट्टीवर राहू लागला आणि पुसले जाण्याची भीती संपली.

कुटुंबाच्या आधारावर स्टुडिओ कसा उभा राहतो याचे दुसरे उदाहरण डेट्रॉइट शहरातले. बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ साली आपल्या कुटुंबाच्या सामाईक निधीतून आठशे डॉलर कर्ज घेतले. घरातील भावंडांनी नियमाने वर्गणी टाकून जमविलेली ही पुंजी होती. आपल्याकडील भिशीची आठवण व्हावी अशीच. त्याच वर्षी त्याने वेस्ट ग्रँड बुलेव्हार या रस्त्यावर एक साधे दुमजली घर घेतले. गॅरेजचा स्टुडिओ झाला, वर बिऱ्हाड आणि पुढच्या खोल्यांत कचेरी. आवाज घुमविण्यासाठी छताला भोक पाडून वरच्या पोकळीचा उपयोग करण्यात आला. बहिणी व्यवस्था पाहत, शेजारपाजारची मुले गात. मोटाउन या नावाने जगभर गाजलेले संगीत याच घरात घडले. १९७२ साली कंपनीचा मुक्काम लॉस एंजल्सला हलला. १९८५ साली गॉर्डीच्या भगिनी एस्थर यांनी त्या वास्तूचे संग्रहालय केले.

लेस पॉल काय किंवा गॉर्डी काय, यांचे ध्येय बाजारात उतरण्याचे होते. आपल्याकडे घरात शिरलेल्या टेपरेकॉर्डरचा हेतू निराळा होता. १९५० नंतर स्पूलचे टेपरेकॉर्डर येथील मोजक्या घरांत दिसू लागले. वजनदार, महाग आणि बहुधा परदेशातून आणलेले हे यंत्र एखाद्या डॉक्टरकडे, वकिलाकडे किंवा कारखानदाराकडे असावयाचे. त्यांतील जे गाण्याचे वेडे होते त्यांनी ते घरच्या बैठकीत आणून ठेविले. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत मावते. सेकंदाला पावणेचार इंच या गतीने ती एका बाजूस चौसष्ट मिनिटे चालते. साडेतीन मिनिटांवरून चौसष्ट मिनिटे! संपूर्ण ख्याल, त्यामागून द्रुत, आणि फीत उलटविल्यावर उत्तररात्रीचा राग.

या खाजगी ध्वनिफितींत तंबोरे जुळविल्याचे स्वर असतात, गवयाने तबलजीला हळूच दिलेली सूचना असते, एखाद्या जागेवर उठलेली उत्स्फूर्त दाद असते, आणि मध्येच कपबशांची किणकिणही असते. कंपनीच्या स्टुडिओतील अभियंता ज्याला दोष म्हणून काढून टाकील तेच येथे अमोल ठरते. कारण गवई कोणासमोर गात होता आणि त्या समोरच्यांनी त्याच्याकडून काय काढून घेतले, हे त्यातूनच कळते. पुढे अशा फितींपैकी काही रीतसर प्रकाशितही झाल्या. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने संगीताचे संग्रहकेंद्र काढले, ते आरंभी पुण्यात होते आणि नंतर दिल्ली व गुडगाव येथे गेले. तेथे अभ्यासकांनी व संग्राहकांनी आपापले ठेवे विश्वासाने आणून दिले. विकले जाईल ते कंपनीने जपले; प्रिय होते ते घराने जपले. आमच्या मते या दोन इतिहासांतील मुख्य भेद हाच होय.

परंतु घराने जपले असे म्हणताना घराने गमावले त्याचाही हिशेब दिला पाहिजे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. आपल्या देशात तिचा खरा प्रसार १९७५ नंतरच्या दशकात झाला. आखाती देशांत नोकरीस गेलेली माणसे परत येताना ‘टू-इन-वन’ घेऊन येऊ लागली आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील चैन सामान्य माणसाच्या फळीवर आली. आपले मंडळही त्याच सुमारास स्थापन झाले. खोक्यांतल्या कॅसेटी त्या काळाच्याच साक्षीदार आहेत. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले दात असत. ते मोडून टाकले म्हणजे त्या कॅसेटवर चुकूनही दुसरे काही टिपले जात नसे. ही माहिती तेव्हा कितीजणांना होती?

आमच्या घरी नव्हती. १९८१ च्या दिवाळीत वडिलांनी आजीचा आवाज साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर घेतला होता. “मेलं, माझं कसलं आलंय गाणं!” असे म्हणत म्हणत आजीने भूपाळ्या, जात्यावरच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी म्हटली. आत्या आणि शेजारच्या काकू साथीला होत्या. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. १९८३ च्या जून महिन्यात विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे धावते समालोचन रेडिओवर चालू असता आमच्या हाताला जी कॅसेट लागली तिच्यावर आम्ही ते टिपून घेतले. वय तेरा वर्षांचे. अंगात उत्साह आणि कॅसेटवर नाव नाही. त्याच वर्षी आजीच्या श्राद्धाच्या दिवशी वडिलांनी ती कॅसेट लावली आणि तिच्यातून समालोचकाचा आवाज बाहेर पडला. वडील आम्हास काहीच बोलले नाहीत. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकली. अगदी शेवटी एका ओवीचा अर्धा चरण आणि “झालं ना रे? बंद कर आता” एवढे शब्द उरलेले होते. त्या सामन्याची हकीकत आज कोठेही मिळते. आजीच्या आवाजाची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

त्या पिढीच्या ओव्या सर्वस्वी लोपल्या असे मात्र नव्हे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात पुण्यातून हे कार्य हाती घेऊन महाराष्ट्राच्या खेडोपाडी एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि त्यांतील बऱ्याच बायकांच्या आवाजात टिपूनही ठेवल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संस्थेमार्फत त्या लोकांसमोर येत आहेत. त्या ऐकताना आम्हास आजीची ओवी सापडते. आजी सापडत नाही.

कॅसेटने घराला आणखी एक देणगी दिली, ती म्हणजे स्वतःचे संगीत रचून टिपण्याची सोय. जपानच्या टीअॅक कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र काढले. लेस पॉलच्या आठ पट्ट्या ज्या अवाढव्य यंत्रावर होत्या त्याच तत्त्वाच्या चार पट्ट्या आता साध्या कॅसेटवर, टेबलावर मावणाऱ्या पेटीत आल्या. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात या यंत्रावर काही गाणी कच्ची म्हणून टिपून ठेवली. मग वादकांचा ताफा घेऊन मोठ्या स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली. परंतु घरातल्या कॅसेटवरचा एकाकीपणा तेथे उतरेना. अखेर खिशात घालून हिंडविलेल्या त्या कॅसेटवरूनच त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ ही तबकडी काढण्यात आली. साधनसामग्रीची श्रीमंती आणि गाण्याचा जिवंतपणा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या प्रसंगाने व्यवसायासही मान्य करावे लागले.

१९९० नंतर संगणक आला आणि पट्ट्यांची संख्या मोजण्याचे कारणच उरले नाही. आज खिशातला फोन हाच स्टुडिओ झाला आहे. २०२० साली टाळेबंदी असताना आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात सार्वजनिक कार्यक्रम होऊ शकला नाही, तेव्हा सभासदांनी आपापल्या घरी, कानाला तंबोऱ्याचा सूर लावून एकच पद गायिले आणि मंडळातील एका तरुणाने ते बावीस आवाज संगणकावर एकत्र बांधले. लेस पॉलने एका गळ्याचे अनेक गळे केले होते. येथे बावीस कुलूपबंद घरांचा एक गळा झाला. त्या दिवसांत त्याने केवढा धीर दिला हे सर्वांच्या स्मरणात असेल.

तथापि सुवर्णमहोत्सवाच्या नांदीचे ध्वनिमुद्रण करावयाचे ठरले तेव्हा सर्वांनी एकत्रच बसावे असा आग्रह ज्येष्ठांनी धरला. हे काम आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाले. खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा आणि फ्रीज बंद केला, शेजाऱ्यांना कुकर लावू नका म्हणून विनंती केली. तरी तिसऱ्या वेळेस कोठूनसा भाजीवाल्याचा पुकारा आलाच आणि सर्व मंडळी हसू लागली. टाळेबंदीतले ते गीत सुरातालाला अधिक चोख होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु या नांदीत पेटीवाले गाणाऱ्या वहिनींच्या श्वासासाठी क्षणभर थांबलेले ऐकू येतात. ते थांबणे संगणकास जोडता आले नसते. भाजीवाला आणि हसणे असलेली ती तिसरी प्रतही आम्ही पुसलेली नाही.

आता पुन्हा त्या दोन खोक्यांकडे वळतो. चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी धरते, तिच्यावरचा लेप सुटू लागतो, आणि ती वाजविणारी सुस्थितीतील यंत्रे दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरविण्यास साठ मिनिटेच लागतात. येथे घाई चालत नाही. म्हणून सभासदांस आमची विनंती आहे. आपल्या घरी जुन्या कॅसेटी अथवा स्पूल असतील तर त्या प्रथम बाहेर काढाव्यात. बुरशी दिसल्यास यंत्रात घालू नयेत, जाणकारास दाखवाव्यात. मागचे दात शाबूत असतील तर आधी मोडून टाकावेत. उतरवून घेतलेल्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ कॅसेटही फेकू नये. कोण गात आहे, साथीला कोण, स्थळ कोणते, साल कोणते, हे कागदावर लिहून ठेवावे.

यांतील शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. फीत आणखी काही वर्षे तग धरील; परंतु त्या फितीवरचा आवाज ऐकून ‘ही अमक्या काकू, आणि मागे हसले ते तमके’ असे सांगू शकणारी माणसे आज पंच्याहत्तरीच्या आणि ऐंशीच्या घरात आहेत. ती असतानाच खोकी उघडली पाहिजेत. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत एकेक कॅसेट लावून ऐकण्याचे कार्यकारिणीने ठरविले आहे. ज्येष्ठांनी यावे, ऐकावे आणि नावे सांगावीत. लिहून घेण्यास आम्ही वही घेऊन बसणार आहोत.